बेशुद्ध माणसानं पाठवलेला आकडा

१

बन्सी तोरडमलांच्या रक्तात साखर जवळजवळ उरलीच नव्हती, आणि हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर मात्र त्यांची साखर दोन महिने सारखी चढलेली दिसत होती.

कर्जत तालुक्यातल्या तोरडमल वस्तीवरून त्यांना सकाळी जीपमध्ये घालून आणलं होतं. अंग घामानं थबथबलेलं, दातखीळ बसलेली. वाटेत कर्जतला कुणा शहाण्या डॉक्टरनं ग्लुकोजची बाटली लावली म्हणून नगरपर्यंत जीव टिकला. आता ते नगरच्याच सावेडी भागातल्या डॉ. माधव कोपरकरांच्या हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागात होते. श्वास चालला होता, पण शुद्ध नव्हती.

"बस, अपूर्वा," कोपरकरांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे तुझं खातं आहे, म्हणून तुला बोलावलं."

अपूर्वा देवचक्के हॉस्पिटलातली माहिती सांभाळायची. कुणाचा रिपोर्ट कुणाच्या हाती पडू नये, कुणी बाहेरून शिरून आकड्यांशी खेळू नये, हे बघणं तिचं काम. वडिलांच्या तब्येतीमुळे ती पुण्याची नोकरी सोडून नगरला परत आली होती आणि या कामात रमली होती. त्यातही 'सोबत'मध्ये तिचा जीव अडकलेला. 'सोबत' म्हणजे हॉस्पिटलचं मोबाईलवरचं अॅप. लांबच्या खेड्यातल्या मधुमेही माणसानं घरी बोट टोचायचं, रक्ताचा थेंब मशीनच्या पट्टीला लावायचा. आकडा मशीनमधून आपोआप मोबाईलवर आणि तिथून हॉस्पिटलात यायचा. डॉक्टर तो बघून इन्सुलिन कमीजास्त करायचे आणि मोबाईल पेशंटला मराठीत बोलून नवा डोस सांगायचा. नगरच्या फेऱ्या वाचायच्या.

"सोबतनं दोन महिने सांगितलं, ह्यांची साखर तीनशेच्या आसपास आहे," कोपरकर म्हणाले. "धवल बिचारा डोस वाढवत गेला. आज आपल्या लॅबनं तीन महिन्यांची सरासरी काढली, तर ती चांगली आहे. उत्तम म्हणावी अशी. म्हणजे ते आकडे खोटे होते आणि त्या खोट्या आकड्यांवर आपण ह्या माणसाला इन्सुलिन टोचवत राहिलो."

"कुणी बदलले असतील असं वाटतं तुम्हाला?"

"ते तू सांगायचंस. शेकडो माणसं ह्या अॅपच्या भरवशावर घरी इन्सुलिन घेतायत. उद्या दुपारपर्यंत उत्तर मिळालं नाही तर मी सोबत बंद करणार. आणि धवललाही घरी बसवावं लागेल."

अपूर्वा खोलीबाहेर पडली तेव्हा डॉ. धवल पारनेरकर भिंतीला टेकून उभा होता. वय तिशीच्या आतबाहेर, डोळे तांबारलेले.

"मी त्यांना मारत होतो, अपूर्वा," तो म्हणाला. "त्यांना न बघता."

२

अपूर्वानं आधी सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. कोण कधी आत आलं, काय उघडलं, काय बदललं. बाहेरून कुणी शिरल्याचा मागमूस नव्हता. आकडे हातानं टाइप केलेले नव्हते. प्रत्येक आकडा तोरडमलांना दिलेल्या त्याच एका मशीनमधून, त्याच एका मोबाईलवरून आला होता. वाटेत कुणी त्याला हात लावला नव्हता.

मग तिनं डोसच्या नोंदी उघडल्या आणि खुर्चीत सावरून बसली. शेवटचा डोस धवलच्या नावानं वाढवला होता. पण त्या दिवशी धवल रजेवर होता, बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेलेला. बदल मात्र हॉस्पिटलातल्याच, खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवरून झाला होता.

खालच्या मजल्यावर लीना सिस्टर बसायच्या. पेशंटला मशीन वापरायला त्याच शिकवायच्या. अपूर्वानं दार लोटलं तेव्हा त्या एका आजोबांच्या हातात मशीन देऊन समजावत होत्या. "रोज सकाळी घंटा वाजली की करायचंच, आजोबा. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. आकडा आला नाही तर डॉक्टरांना काय कळणार?"

आजोबा गेल्यावर अपूर्वानं सरळच विचारलं, "सिस्टर, धवलच्या पासवर्डनं तुम्ही आत गेला होतात?"

लीना सिस्टरांचा चेहरा उतरला. "डॉक्टरांचा फोन आला होता लग्नातून. म्हणाले, तोरडमलांचा आकडा फार वाढलाय, डोस वाढवायला हवा, मला इथून जमत नाही, तुम्ही करा. त्यांनी पासवर्ड दिला. मी त्यांनी सांगितला तेवढाच डोस टाकला, दोनदा विचारून घेऊन." त्यांनी टेबलावरचं मशीन उगाच बाजूला सरकवलं. "मॅडम, माझं चुकलं का? त्यांची साखर वाढलेलीच होती हो."

हे चुकलंच होतं आणि तसं अपूर्वानं त्यांना सांगितलंही. पण धवलकडून तिनं खात्री करून घेतली, फोन झाला होता, डोस तोच होता. पासवर्ड वाटून घेणं हा गुन्हा वेगळा. त्यानं बन्सी तोरडमलांचे आकडे वाढले नव्हते.

संध्याकाळी ती अतिदक्षता विभागात गेली. तिथली नर्स तोरडमलांची साखर तपासत होती. पहिल्यांदा टोचलं तर रक्तच आलं नाही. "कातडं बघा मॅडम, चामड्यासारखं झालंय," नर्स पुटपुटली आणि दुसरं बोट धरलं. अपूर्वानं त्या हाताकडे बघितलं. भेगाळलेली, रापलेली बोटं. पंजावर आणि मनगटावर काट्यांचे लांब ओरखडे. बोटांच्या टोकांवर नर्सनं आत्ता टोचलेली खूण तेवढी लाल दिसत होती.

बाहेर, नातेवाइकांसाठीच्या बाकांवर, साळूबाई बसल्या होत्या. साठीच्या, सडपातळ, नऊवारीतल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला फडक्याची पट्टी. अपूर्वाला बघून त्या उठायला लागल्या, तशी तिनं खांद्याला धरून बसवलं.

"कसं हाय ओ त्यांचं? डोळं उघडलं का?"

"अजून नाही, मावशी. पण डॉक्टर म्हणतात, उघडतील."

"उघडत्याल," साळूबाई स्वतःलाच म्हणाल्या आणि पाण्याची रिकामी बाटली घेऊन लंगडत कूलरकडे गेल्या. बाटली भरून तिथंच उभ्या उभ्या अर्धी प्यायल्या, आणि परत भरली.

३

मुलगा ज्ञानेश्वर खाली चहाच्या टपरीवर भेटला. सुप्याच्या एमआयडीसीत तो एका कारखान्यात कामाला होता, निरोप मिळताच अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता. त्याच्या मोबाईलवरही वडिलांचं 'सोबत' चालू होतं. सुप्याहून कुणीतरी तोरडमलांचं खातं वरचेवर उघडतंय, हे अपूर्वानं नोंदींत पाहिलंच होतं.

"तो मीच," ज्ञानेश्वर म्हणाला. "ड्युटी सुटली की बघायचो, आबांचा आकडा किती आला. लई वाढला की आईला फोन करून ओरडायचो. गोड देती का म्हनून. ती बिचारी म्हनायची, न्हाई रे बाबा, भाकरी अन् कालवनच खात्यात."

"आकडे बदलता येतात का तिथून?"

"नुसतं बघता येतंय, मॅडम. तुमीच तसं ठिवलंय न्हवं?"

तसंच होतं. अपूर्वानं चहाचा कप हातात फिरवला. "आबा आजवर कधी घरापासून लांब राहिले होते? मशीन सोडून?"

"मागल्या महिन्यात आले हुते की माझ्याकडं. डोळे दाखवायचे हुते. चार-पाच दिस राहिले. इन्सुलिन आनलं हुतं, मशीन घरीच. म्हनले, बोटं टोचायचा जाच नको पोराच्या घरी." तो थोडा हसला. "आबांना पोटातल्या सुईचं काय वाटत न्हाई. बोटाचं मात्र लई वाकडं."

अपूर्वाचा कप हातातच राहिला. ती वर आली आणि ते दिवस उघडून बघितले. बन्सी तोरडमल सुप्याला मुलाच्या घरी होते. मशीन कर्जतला वस्तीवर होतं. आणि रोज सकाळी त्यांच्या नावावर आकडा आला होता. रोज. तीनशेच्या घरातला.

म्हणजे वस्तीवर कुणीतरी मुद्दाम खोटे आकडे तयार करत होतं? पण मशीनला फसवणार कसं? पाण्याचा थेंब लावला तर मशीन चूक दाखवतं. त्याला रक्तच लागतं.

तिनं वर्षभराचा आलेख पडद्यावर पसरला. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आकडे खालीवर व्हायचे, पण ठीक होते. मधे मधे दिवस सुटलेले. मग एका सकाळी रेघ एकदम वर गेली आणि वरच राहिली. त्या दिवसानंतर, आजची सोडली तर, एकही सकाळ सुटलेली नव्हती. आजार वाढतो तो जिना चढल्यासारखा, एकेक पायरी. हा असा एका उडीत माडीवर कसा गेला?

तिनं ज्ञानेश्वरला फोन लावला. "उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरी काय बदललं? काहीही. नवं औषध, पाहुणे, भांडण?"

त्यानं आठवून बघितलं. "काय न्हाई, मॅडम. बागेत लिंबाचा तोडा सुरू झाला तेवढाच. दर साल हुतो."

दुसऱ्या दिवशी अपूर्वा लवकरच हॉस्पिटलात आली. कोपरकरांना द्यायला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. धवल तिच्या आधीच येऊन तिच्या टेबलाशी बसला होता, राजीनामा लिहायचं म्हणत होता. ती त्याला रागावणार तेवढ्यात कॉम्प्युटरनं टिंग केलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल खिडकी उघडली.

बन्सी तोरडमल. साखर तीनशे अठ्ठावीस.

दोघंही पडद्याकडे बघत राहिले. बन्सी तोरडमल त्या क्षणी वरच्या मजल्यावर नळ्या लावलेल्या अवस्थेत पडले होते, आणि त्यांची साखर तासातासाला नर्स तपासत होती.

"हा कोणी तरी आपली चेष्टा करतोय," धवल कोरड्या आवाजात म्हणाला.

अपूर्वाची बोटं कीबोर्डवर पळाली. आकडा कुठून आला? त्याच मशीनवरून. त्याच मोबाईलवरून. आणि मोबाईल जोडला गेला होता हॉस्पिटलच्याच वायफायला, नातेवाइकांसाठी ठेवलेल्या.

"तो माणूस बाहेरचा नाही, धवल," ती उठत म्हणाली. "ह्या इमारतीत आहे. आत्ता."

४

जिना चढता चढता ती मधेच थांबली. मागून येणारा धवल तिच्यावर आदळता आदळता राहिला.

"काय झालं?"

"थांब. मला नीट विचार करू दे." तिनं कठड्याला धरलं. "आपण कालपासून एकच प्रश्न विचारतोय, आकडा कुणी बदलला. कुणीच बदललेला नाही. मशीन खरं आहे. मोबाईल खरा. रक्त खरं, कारण त्याशिवाय आकडाच येत नाही. तीनशे अठ्ठावीस हाही आकडा खरा आहे. मग विचारायचं ते हे, की रक्त कुणाचं?"

धवल एक पायरी वर आला.

"माझे बाबा मधुमेही आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या बोटांची टोकं बघितलीयस? मोहरी पेरल्यासारखे काळे ठिपके. काल मी तोरडमलांचा हात बघितला. ओरखडे होते, भेगा होत्या, पण जुना ठिपका एकही नाही. दोन महिने रोज बोट टोचलेल्या माणसाचा तो हात नाही. त्यांनी टोचू दिलंच नाही, धवल. लिंबाचा तोडा सुरू झाला, आणि टोचलेल्या बोटाला लिंबाचा रस लागला की काय होत असेल? ते सुप्याला गेले तरी आकडे वस्तीवरून येत राहिले. वस्तीवर मागे कोण होतं?"

"पण त्या कशाला..." धवलचं वाक्य अर्धंच राहिलं. डॉक्टर म्हणून त्याच्या डोक्यात जे यायला हवं होतं, ते आता आलं. "अपूर्वा, त्यांच्या पायाला पट्टी आहे ना?"

"आणि त्या सारख्या पाणी पितायत."

साळूबाई बाकावर होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर मोबाईल. मशीन त्या नुकतंच रुमालात गुंडाळत होत्या. लपवायची धडपड नव्हती. शेगडीवरून उतरवलेलं भांडं जागेवर ठेवावं तशा सहज त्या ते ठेवत होत्या.

अपूर्वा त्यांच्या शेजारी बसली. "मावशी, हे मशीन आत्ता तुम्ही लावलंत?"

"व्हय. घंटी वाजली न्हवं का." साळूबाईंनी मोबाईलकडे हात केला. "त्या सिस्टर म्हनल्या हुत्या, एक बी दिस चुकवायचा न्हाई. काल ह्या गडबडीत चुकला. म्हनलं, आज तरी डॉक्टरला आकडा जाऊ द्या."

"आणि रक्त?"

"माझंच की." त्यांनी डावा हात पुढे केला. बोटांची टोकं ठिपक्यांनी भरलेली होती. "त्यांचं कुठनं आनू? लिंबं तोडायला लागल्यापून ते बोटाला हात लावू देईनात. टोचलं की दिसभर रसानं आग आग हुती म्हनायचे. तोडा थांबवता येतोय व्हय? मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, मी करते. मी पायाच्या जखमंमुळं घरीच हुते."

"पण मावशी, तुमची साखर वेगळी, त्यांची वेगळी."

साळूबाईंनी तिच्याकडे नवलानं बघितलं. "येगळी कशी आसंल? चाळीस वरसं एका चुलीवरचं खातोय आमी. जे त्यांच्या पोटात जातंय ते माझ्या पोटात. मग रगतात साखर येगळी कुठनं येनार?"

 त्या बाईंनी मनाशी धरलेला हिशोब इतका सरळ होता, आणि इतक्या महिन्यांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की मावशी, थेंब कुणाचा लावता?

मग साळूबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. एकदा मशीनकडे बघितलं, एकदा काचेच्या दाराकडे. अपूर्वाला कळलं की आता त्या स्वतःच पुढचं जोडतायत, आणि ते थांबवणं आपल्या हाती नाही.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "मोबाईल वाढवून वाढवून इन्सुलिन सांगत हुता, ते माझ्या आकड्यावर?"

धवलनं मान हलवली.

"आन् ते मी माझ्या हातानं त्यांना टोचत हुते?"

त्यांनी पदर तोंडाशी नेला. आवाज आला नाही, पण खांदे हलायला लागले. धवल त्यांच्यासमोर सरळ फरशीवर बसला, पांढऱ्या कोटासकट.

"मावशी, माझ्याकडं बघा. इन्सुलिन मी वाढवलं. पेशंटला एकदाही न बघता, न बोलावता. आकडा एवढा वाढला तेव्हा मी म्हणायला हवं होतं, या, एकदा समोर बसा. तुम्ही जे केलंत ते मायेनं केलंत. चूक माझी झाली."

"मला कळाया पायजे हुतं."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि अजून एक सांगतो, ते ऐका. तुमचे आकडे खरे आहेत. तुम्हाला मधुमेह आहे, मावशी, आणि चांगलाच वाढलेला आहे. ती पायाची जखम त्यामुळंच भरत नाहीये. अजून थोडे दिवस गेले असते तर अंगठा काढावा लागला असता. कदाचित पायसुद्धा. चला, आधी ती पट्टी सोडू."

"माझं ऱ्हाऊ द्या. आधी त्यांचं बघा."

"त्यांचं बघायला आत चार माणसं आहेत," अपूर्वा म्हणाली आणि त्यांच्या दंडाला धरून उठवलं. "तुमचं बघायला आजवर कुणी नव्हतं."

५

कोपरकरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसले.

"म्हणजे पेशंटच्या घरच्यांचा गैरवापर, असं लिहायचं अहवालात," ते शेवटी म्हणाले. "सिस्टीममध्ये दोष नाही."

"मी तसं लिहिणार नाही, सर," अपूर्वा म्हणाली.

"का?"

"कारण कुलपं लावायचं काम माझं, आणि मी सगळी कुलपं बाहेरच्या चोरासाठी लावली. आत येणारा आकडा कुणाचा आहे, हे विचारायची सोयच आपण ठेवली नाही. त्या बाईंना वाचता येत नाही. आपला मोबाईल त्यांना घंटा वाजवून सांगतो, टोचा. त्यांनी टोचलं. आकडा गेला की तो म्हणतो, शाब्बास. दोन महिने आपण त्यांना रोज शाब्बास म्हणत होतो, सर."

 धवलचा राजीनामा कोपरकरांच्या टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, न उघडताच धवलच्या हातात दिला. "सोबत चालू राहील," ते म्हणाले. "पण आकडा असा उडी मारून वर गेला तर पेशंट समोर बसल्याशिवाय डोस वाढवायचा नाही. वस्तीवर जायला लागलं तर तू जायचंस, धवल. आणि अपूर्वा, ज्याचा पासवर्ड त्यानंच वापरायचा, हे लीना सिस्टरांना आणि ह्याला, दोघांनाही तू शिकव. रागावू नकोस फार."

दुपारी बन्सी तोरडमलांनी डोळे उघडले. आधी कुणाला ओळखेनात. मग ज्ञानेश्वरला ओळखलं, आणि बागेला पाणी कोण देतंय ते विचारलं, तेव्हा नर्ससुद्धा हसली.

त्यांना दुसऱ्या दिवशी साध्या खोलीत हलवल्यावर धवलनं सगळं सांगितलं. सावकाश, काही न लपवता. साळूबाई खोलीत होत्या, पण दाराजवळच्या खुर्चीवर, तोंड खिडकीकडे करून. पायाला हॉस्पिटलची पांढरी पट्टी होती. शुद्धीवर आलेल्या नवऱ्याशी त्या अजून बोलल्या नव्हत्या, आणि धवल बोलायला लागल्यावर त्यांनी मान आणखी खाली घातली.

अपूर्वा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. बन्सींच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते तिला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. धवलचं सांगून झालं.  खाली रस्त्यावर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"हिची साखर आज किती हाय?" बन्सींनी विचारलं.

धवलनं सांगितलं.

"अन् हिला खाट कंची दिली?"

"त्यांना अजून... त्या तुमच्याजवळून हलायला तयार नाहीत. कालपासून अशा बसूनच आहेत."

बन्सींनी पांघरूण बाजूला सारलं. एक पाय खाली सोडला, मग दुसरा. सलाईनचा हात उचलून धरला आणि पलंगाच्या कडेला आले. धवल धावला. ज्ञानेश्वर "आबा, आबा" करत पुढे झाला.

"सरा," बन्सी म्हणाले. आवाज खरखरीत, अंगात जोर नाही, पण ते उतरायलाच निघाले होते. "मी बसतो त्या खुर्चीवर. हिला हितं निजू द्या."

साळूबाई ताडकन उठल्या. लंगडत पलंगापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी नवऱ्याला खांद्याला धरून मागे रेटलं.

"गप पडा," त्या रडत म्हणाल्या. "सुई निगंल ना हातातली."

ते पडले. पण पडताना भिंतीकडे सरकले आणि पलंगावर अर्धी जागा मोकळी केली.